बाल्फोरच्या पत्रानंतर: पॅलेस्टाईनमधल्या ब्रिटिश सरकारनं ज्यूंच्या 'राष्ट्रीय घरा'साठी नेमकं काय केलं?

प्रश्न असा आला आहे: "बाल्फोर जाहीरनामा १९१७ चा आणि इस्राएल १९४८ चं. मधल्या काळात, त्यातही सुरुवातीच्या दहा-बारा वर्षांत, ब्रिटिश सरकारनं ज्यूंच्या वसाहतीला प्रत्यक्षात काय मदत केली? जमीन सरकारनं दिली का? पैसा कोणाचा होता? आणि ज्यू लोकसंख्येच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे असताना अरबांना एवढी धास्ती का वाटली?"

मी पंचवीसेक वर्षं पश्चिम आशियाचा आधुनिक इतिहास शिकवतो आहे. माझा स्वतःचा अभ्यास जमीनधारा आणि महसूल यांचा, त्यामुळे या प्रश्नाकडे मी कचेरीच्या बाजूनं बघतो. आधी थोडक्यात उत्तर देतो. सरकारनं ज्यूंना जमीन फारशी दिली नाही आणि पैसा जवळजवळ दिलाच नाही. त्यानं दिली ती कायद्याची चौकट: परवाना, नोंदणी, मक्ता, भाषेचा दर्जा आणि अधिकृत मान्यता. बाल्फोरचं पत्र सगळ्यांना पाठ असतं, पण नुसत्या पत्रानं एकही एकर हातातून हातात जात नाही. १९२० ते १९२५ या पाच वर्षांत जेरुसलेममध्ये जे कायदे लिहिले गेले आणि जी रजिस्टरं उघडली गेली, त्यांनी त्या पत्राला हातपाय दिले.

तरीही सुरुवात पत्रापासूनच करावी लागते, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ त्याच्या शब्दांत आहे. २ नोव्हेंबर १९१७ रोजी परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी ब्रिटनमधल्या ज्यूंचे पुढारी लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांना ते लिहिलं. मुख्य वाक्य इंग्रजीत ६७ शब्दांचं. त्या उन्हाळ्यात झायोनिस्ट नेत्यांनी, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं घर उभारू पाहणाऱ्या चळवळीच्या पुढाऱ्यांनी, जो मसुदा दिला होता, त्याचा आशय होता की पॅलेस्टाईन हे ज्यूंचं राष्ट्रीय घर म्हणून पुन्हा उभं राहावं. अंतिम मजकुरात झालं, 'पॅलेस्टाईनमध्ये' ज्यू लोकांसाठी एक राष्ट्रीय घर. एका विभक्तीप्रत्ययाचा फरक, पण पुढची तीस वर्षं सगळे पक्ष त्यावर वाद घालत राहिले. आपल्या बऱ्याच पुस्तकांत 'राष्ट्रीय मातृभूमी' असं भाषांतर असतं. मला ते पटत नाही. मूळ शब्द मुद्दाम मोघम ठेवला होता. 'राज्य' म्हणायचं नव्हतं आणि नुसती 'वस्ती' म्हणूनही भागणार नव्हतं.

त्याच वाक्याचा दुसरा भाग विद्यार्थी घाईत वाचतात. तिथं म्हटलंय की पॅलेस्टाईनमधल्या 'बिगरज्यू समाजांच्या' नागरी आणि धार्मिक हक्कांना बाध येऊ नये, आणि इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना व राजकीय स्थानाला धक्का लागू नये. हे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. लंडन-पॅरिसमधल्या ज्यूंच्या राजकीय स्थानाची काळजी घेतली आहे. पॅलेस्टाईनमध्ये दहांतले नऊजण असलेल्या अरबांना मात्र नागरी आणि धार्मिक हक्क दिले, 'राजकीय' हा शब्द त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांचं नावही आलं नाही, ते 'बिगरज्यू' झाले. तुम्ही विचारता ती धास्ती आकड्यांची नव्हती. ती इथून सुरू झाली.

या निर्णयाला ब्रिटिश मंत्रिमंडळातूनच विरोध झाला, आणि विरोध करणारी दोन्ही नावं मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. पहिलं एडविन माँटेग्यू, भारतमंत्री, 'माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा'वाले. ते स्वतः ज्यू होते. २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देण्याची ती प्रसिद्ध घोषणा केली आणि तीनच दिवसांनी, २३ ऑगस्टच्या तारखेचं, एक खरमरीत टिपण सहकाऱ्यांना पाठवलं. ज्यूंना वेगळं राष्ट्र म्हणणं म्हणजे प्रत्येक देशातल्या ज्यूला त्याच्याच घरात परका ठरवणं, हा त्यांचा मुद्दा. ऑक्टोबरात ते हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले. ३१ ऑक्टोबरला मंत्रिमंडळानं पत्राला मंजुरी दिली तेव्हा ते बैठकीत नव्हते, आणि मुंबईत पाय ठेवण्याआधीच पत्र गेलेलं होतं. दुसरे लॉर्ड कर्झन, आपले माजी व्हाइसरॉय. त्यांचा सवाल व्यवहाराचा होता: तिथं पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांचं काय करणार? या सवालाला मंत्रिमंडळात सरळ उत्तर मिळालं नाही. १९१९ मध्ये बाल्फोर यांनी एका अंतर्गत टिपणात लिहूनच टाकलं की पॅलेस्टाईनमध्ये तिथल्या रहिवाशांची इच्छा विचारण्याचा उपचारही पाळण्याचा आमचा विचार नाही.

मग मदत का केली? सुएझ कालव्याच्या पूर्वेला आपला माणूस असावा आणि हिंदुस्थानचा मार्ग सुरक्षित राहावा, हा लष्करी हिशेब होता. महायुद्ध ऐन भरात होतं, अमेरिकेतल्या आणि रशियातल्या ज्यूंचं मत आपल्याकडे वळेल अशी आशा होती. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्यासारख्यांच्या मनात बायबलमधली भूमी लहानपणापासून घर करून होती. आणि झायोनिस्ट नेते खाइम वाइझमन यांच्यासारखा माणूस लंडनमध्ये वर्षानुवर्षं दारोदार फिरत होता. यातलं एकच कारण निवडून 'हेच खरं' म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

जनरल अ‍ॅलनबी डिसेंबर १९१७ मध्ये जेरुसलेममध्ये शिरले आणि पुढची अडीच वर्षं लष्करी कारभार चालला. जिंकलेल्या मुलखात कायमचा बंदोबस्त होईपर्यंत आहे ती स्थिती ठेवायची, हा युद्धाचा नियम. त्यामुळे लष्करी अधिकाऱ्यांनी बाल्फोर यांचं पत्र देशात अधिकृतपणे जाहीरसुद्धा केलं नाही आणि जमीनव्यवहाराची नोंदणी बंद ठेवली. वाइझमन यांच्या नेतृत्वाखालचं झायोनिस्ट कमिशन एप्रिल १९१८ मध्ये आलं. त्याचे आणि लष्करी अधिकाऱ्यांचे खटके उडत राहिले. एप्रिल १९२० मध्ये नबी मुसाच्या मुस्लिम उत्सवात जेरुसलेममध्ये दंगल झाली, पाच ज्यू आणि चार अरब मेले. त्याच महिन्यात सान रेमोच्या परिषदेत पॅलेस्टाईनचा मँडेट, म्हणजे राष्ट्रसंघाच्या वतीनं कारभार करण्याचा अधिकार, ब्रिटनला द्यायचं ठरलं आणि लंडननं लष्कराला बाजूला करून मुलकी कारभार बसवला.

पहिले हाय कमिशनर झाले सर हर्बर्ट सॅम्युएल. उदारमतवादी पक्षाचे नेते, माजी गृहमंत्री, ज्यू, आणि १९१५ मध्येच पॅलेस्टाईनबद्दल मंत्रिमंडळापुढे टिपण ठेवलेले झायोनिझमचे समर्थक. ३० जून १९२० ला ते पॅलेस्टाईनमध्ये उतरले. मावळते लष्करी प्रशासक जनरल बोल्स यांनी त्यांच्यापुढे एक पावती ठेवली: 'एक पॅलेस्टाईन, संपूर्ण, मिळालं.' सॅम्युएल यांनी सही केली आणि व्यापारी बिलावर असतं तसं 'चूकभूल देणेघेणे' जोडलं. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. मला तिचं हसू येत नाही. साडेसात लाख माणसांच्या देशाची ती पोच होती.

सॅम्युएल यांच्याबरोबर जी माणसं नेमली गेली, तीही बघायला हवीत. कायद्याचं खातं नॉर्मन बेंटविच यांच्याकडे. ते स्वतः झायोनिस्ट आणि नवे वटहुकूम त्यांच्याच टेबलावर घडत. मुलकी सचिव विंडहॅम डीड्स ख्रिश्चन, पण ज्यूंच्या कार्याशी मनापासून सहमत. खालच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांत उलट मतही भरपूर होतं. त्यामुळे हे सरकार एकमुखी होतं असं समजू नका. पण दिशा वरून ठरत होती. आणखी एक गोष्ट: राष्ट्रसंघानं मँडेटला मंजुरी दिली ती २४ जुलै १९२२ ला, तो लागू झाला सप्टेंबर १९२३ मध्ये. महत्त्वाचे वटहुकूम मात्र १९२० आणि १९२१ मध्येच निघाले होते.

पहिला वटहुकूम स्थलांतराचा. १९२० मध्ये झायोनिस्ट संघटनेला वर्षाला १६,५०० कुटुंबप्रमुख आणण्याची मुभा देण्यात आली. अट एकच, पहिल्या वर्षी त्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी संघटनेनं घ्यायची. तेवढी माणसं आणण्याइतका पैसा संघटनेकडे नव्हता, म्हणून आकडा कागदावरच राहिला. १ मे १९२१ ला जाफ्यात दंगल पेटली, काही दिवसांत ४७ ज्यू आणि ४८ अरब मेले. सॅम्युएल यांनी स्थलांतर तात्पुरतं थांबवलं. मग जून १९२२ मध्ये वसाहतमंत्री चर्चिल यांच्या श्वेतपत्रिकेनं नवा नियम घातला. ज्यू पॅलेस्टाईनमध्ये हक्कानं आहेत, कोणाच्या मेहेरबानीनं नव्हे, असं एका हातानं लिहिलं. दुसऱ्या हातानं लिहिलं की देशाची 'आर्थिक सामावण्याची क्षमता' असेल तेवढेच लोक येतील.

ही क्षमता मोजायची कशी? दर सहा महिन्यांनी संघटना सरकारला यादी द्यायची: बांधकामाला इतके मजूर लागतील, संत्र्याच्या बागांना इतके, कारखान्यांना इतके. सरकार त्यात काटछाट करायचं आणि उरलेल्या आकड्याएवढी प्रमाणपत्रं काढायचं. त्यांवर नावं नसत. ती कोरी प्रमाणपत्रं संघटनेच्या हाती जात आणि वॉर्सासारख्या शहरांतल्या तिच्या कचेऱ्या ठरवत की कोणता तरुण जहाजावर चढेल. म्हणजे किती माणसं यायची ते सरकार ठरवणार आणि कोणती यायची ते संघटना. गाठीला ठरावीक भांडवल असलेल्यांना, आधी ५०० आणि पुढे १,००० पौंड, ही यादी लागूच नव्हती. ते थेट येऊ शकत. आपल्या देशाच्या वेशीवरची निवड अशी एका खासगी संघटनेकडे दिलेली मी दुसऱ्या वसाहतीत पाहिलेली नाही.

त्या कोऱ्या कागदाची किंमत काय होती तेही सांगायला हवं. युक्रेनमध्ये १९१९-२० च्या कत्तलींत ज्यूंची गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली होती. अमेरिकेनं १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी दार जवळजवळ लावून घेतलं. पोलंडमधल्या ज्यू दुकानदाराला करांनी आणि बहिष्कारानं जगणं कठीण केलं होतं. अशा माणसाला जाफ्याच्या बंदरावर उतरवणारा तो कागद होता. १९२५ या एका वर्षात जवळजवळ ३४ हजार ज्यू आले. १९२७ मध्ये मंदीनं गाठलं आणि आलेल्यांपेक्षा गेलेले जास्त झाले. दारावरचा शिपाई सरकारचा असला तरी घर चालवण्याची जबाबदारी त्यानं घेतलेली नव्हती, हे त्या वर्षी दिसलं.

आता जमीन. इथं मी थोडा रेंगाळणार आहे.

ब्रिटिशांच्या आधीच्या उस्मानी म्हणजे तुर्की काळात परदेशी ज्यूंच्या जमीनखरेदीवर बंधनं होती. ती चुकवताही येत, पण एखादा अधिकारी ठाम राहिला तर व्यवहार अडकत असे. १९१० च्या सुमारास नाझरेथचे प्रशासक शुक्री अल-असली यांनी अल-फुला गावच्या विक्रीचे कागद द्यायला नकार दिला होता. वरिष्ठांनी शेवटी त्यांना बाजूला सारून व्यवहार पुरा केला, पण गाजावाजा देशभर झाला. ब्रिटिश आल्यावर हा अडसर राहिला नाही. ऑक्टोबर १९२० मध्ये नोंदणीच्या कचेऱ्या उघडल्या आणि व्यवहार सुरू झाले.

सगळ्यात मोठा व्यवहार जेझ्रीलच्या खोऱ्याचा, अरबीत मर्ज इब्न आमिर. मालक बैरुतचं सुरसुक घराणं. त्यांनी ही गावं १८७० च्या आसपास उस्मानी सरकारकडून घेतली होती. गावातला शेतकरी तिथंच नांगरत होता, पेरत होता, उश्र म्हणजे उत्पन्नाचा दशांश भरत होता. करांच्या आणि लष्करभरतीच्या भीतीनं बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांनी स्वतःची नावं दप्तरी लागूच दिली नव्हती. कोकणातल्या वाचकाला हे समजायला वेळ लागणार नाही: कागदावर खोत, शेतात कूळ. आपल्याकडे पुढं कूळकायद्यानं कसणाऱ्याला मालकी दिली. तिथं घडलं ते याच्या नेमकं उलट. ज्यूंसाठी जमिनी खरेदी करणाऱ्या येहोशुआ हांकिन यांनी सुरसुकांशी सौदे केले, पैसा ज्यू राष्ट्रीय निधीचा, आणि खरेदीत बहुतेक वेळा अट असे की जमीन मोकळी करून मिळाली पाहिजे. कुळाला उठवण्याची तजवीज सौद्यातच होती.

सरकारनं कुळासाठी काही केलं नाही असं नाही. वटहुकुमात लिहिलं होतं की जमीन विकली गेली तरी कसणाऱ्याकडे पोटापुरती जमीन राहिली पाहिजे. मग पळवाट निघाली. व्यवहार नोंदवायच्या आधीच कुळाला रोख रक्कम देऊन सोडचिठ्ठी घ्यायची. नोंदणी कारकुनापुढे कागद येई तेव्हा त्या जमिनीवर कूळ नसेच, मग रक्षण कोणाचं करणार? कर्जबाजारी शेतकऱ्याला रोख पैसे दिसले की तो अंगठा देई. १९२९ च्या कायद्यानं तर जमीन राखण्याची अट बाजूला पडली आणि नुकसानभरपाईवर भागलं. जमीनधाऱ्याचा अभ्यासक म्हणून मला या सगळ्या काळातली सगळ्यात मोठी चूक हीच वाटते. कायद्यानं मालकी ओळखली, वहिवाट ओळखली नाही. बैरुतमध्ये बसलेला मालक कायदेशीर आणि तीन पिढ्या राबलेला शेतकरी पाहुणा.

दुसऱ्या बाजूला त्या जमिनीवर जे उभं राहिलं, तेही खऱ्या घामाचं होतं. सप्टेंबर १९२१ मध्ये नहलाल ही ज्यू शेतकऱ्यांची वसाहत वसली. वास्तुविशारद रिखार्ड काउफमन यांनी त्याचा गोल आराखडा काढला: मधोमध शाळा-सभागृहासारख्या सामायिक इमारती, भोवती घरांचं कडं आणि प्रत्येक घरामागून चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर पसरत गेलेली शेतं. जागा दलदलीची, मलेरियाची. पंचवीस-तीस वर्षांच्या मुलांनी चर खणून पाणी काढलं. त्याच महिन्यात एन हरोद ही दुसरी वसाहत उभी राहिली. हे लोक जमीनदार नव्हते. रशिया-पोलंडमधून सगळं सोडून आलेली ती पोरं होती. उठवला गेलेला फल्लाह म्हणजे अरब शेतकरी आणि चर खणणारा हालुत्स म्हणजे ज्यू वसाहतकरी तरुण, दोघांनाही समोर ठेवल्याशिवाय हा विषय शिकवू नये असं मी मानतो.

सरकारी जमिनीचं काय? मँडेटच्या सहाव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की ज्यूंच्या स्थलांतराला सोय करून द्यावी आणि जमिनीवरच्या दाट वस्तीला उत्तेजन द्यावं, सरकारी आणि पडीक जमिनी धरून. प्रत्यक्षात सरकारी जमीन थोडी मिळाली. काबारा आणि कैसरियाकडचे दलदलीचे आणि वाळूचे पट्टे मक्त्यानं दिले गेले. पण सुलतान अब्दुल हमीदच्या खासगीतल्या बैसान भागातल्या सुपीक जमिनी १९२१ च्या करारानं तिथल्या अरब कसणाऱ्यांनाच देण्यात आल्या आणि झायोनिस्ट नेते सॅम्युएल यांच्यावर संतापले. १९४७ पर्यंत सगळी खरेदी धरूनही देशातली सहा ते सात टक्के जमीनच ज्यूंच्या मालकीची होती. म्हणून 'ब्रिटिशांनी जमीन वाटली' हे विधान परीक्षेत लिहू नका.

पैशाचा प्रश्न यातच सुटतो. लंडनच्या खजिन्याचा हट्ट होता की पॅलेस्टाईननं स्वतःचा खर्च स्वतः भागवावा. वसाहतींचा पैसा आला तो जगभरच्या ज्यूंच्या देणग्यांतून: १९०१ चा राष्ट्रीय निधी, ज्याच्या निळ्या पेट्या घराघरांत टांगलेल्या असत, १९२० मध्ये लंडनला स्थापन झालेला केरेन हयेसोद, आणि जुन्या बॅरन रॉथ्सचाइल्ड यांची वसाहत-संस्था. सरकारी कामाचा लाभ मिळाला तो मुख्यतः रस्त्यांवर. १९२०-२१ मध्ये तिबेरियाच्या बाजूचे रस्ते बांधण्याचं काम ज्यू मजूर टोळ्यांना मिळालं आणि नव्या आलेल्यांचं पहिलं पोट त्या खडीवर भरलं.

वीज हा याहून मोठा विषय आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये पिन्हास रुतेनबर्ग या रशियातून आलेल्या इंजिनिअरला औजा आणि जॉर्डन नद्यांच्या पाण्यावर वीज काढण्याचा एकाधिकार देण्यात आला. मँडेटच्या अकराव्या कलमात सार्वजनिक कामं ज्यू एजन्सीकडे, म्हणजे सरकारनं मान्य केलेल्या झायोनिस्ट संघटनेकडे, सोपवायची वाट ठेवली होतीच. १९२३ मध्ये तेल अवीवला दिवे लागले, अर्थात औजाच्या पाण्यावर काही जमलं नाही, डिझेलवर लागले. जॉर्डनवरचं नहरायीमचं केंद्र १९३२ मध्ये सुरू झालं. त्याआधी, १९३० मध्ये, मृत समुद्रातल्या पोटॅशचा मक्ता मोशे नोवोमेस्की यांना मिळाला. देशाची वीज आणि देशाची मोठी खनिजसंपत्ती, दोन्हींचे मक्ते ज्यू उद्योजकांकडे गेले. जेरुसलेमच्या विजेचा मक्ता उस्मानी काळातच माव्रोमातिस या ग्रीक माणसाकडे होता. त्याच्या बाजूनं ग्रीसनं ब्रिटनला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ओढलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो खटला माहीत असतो. त्यामागचं कारण रुतेनबर्गचा मक्ता होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

लंडनमध्येही यावर खडाजंगी झाली. जून १९२२ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं, लॉर्ड्सनी, मँडेटच्या विरोधात ६० विरुद्ध २९ मतांनी ठराव केला. जुलैच्या सुरुवातीला चर्चिल कनिष्ठ सभागृहात, कॉमन्समध्ये, उभे राहिले, रुतेनबर्गच्या मक्त्याची बाजू मांडली आणि २९२ विरुद्ध ३५ अशी मतं घेऊन बाहेर पडले.

आता एक छोटी वस्तू. ठाण्यातल्या एका बेने इस्राएली मित्रानं मला त्याच्या आजोबांच्या पेटीतलं १० मिलचं नाणं दिलं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्करात होते, पॅलेस्टाईनमधून येताना घेऊन आलेले. नाण्यावर साल १९२७ आहे, म्हणजे पॅलेस्टाईनचं स्वतःचं चलन सुरू झालं ते वर्ष. मधोमध भोक. देशाचं नाव तीन लिप्यांत: इंग्रजी, अरबी, हिब्रू. हिब्रू 'पॅलेस्टिना'च्या पुढे कंसात दोन बारीक अक्षरं आहेत, आलेफ आणि योद. 'एरेत्झ इस्राएल', इस्राएलची भूमी, याची ती आद्याक्षरं. हिब्रूला हा दर्जा मँडेटच्या बाविसाव्या कलमातून आला. त्यानं इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रूही देशाची अधिकृत भाषा झाली. हिब्रू बोलीभाषा म्हणून पुन्हा उभी राहून तेव्हा जेमतेम चार दशकं झाली होती. टपाल तिकिटांवरच्या याच दोन अक्षरांविरुद्ध अरब पुढारी जमाल अल-हुसैनी १९२५ मध्ये न्यायालयात गेले आणि हरले. मी ते नाणं वर्गात फिरवतो. दोन अक्षरांवरून कोर्टकचेरी कशाला, असं मुलं विचारतात. मी त्यांना बेळगावच्या पाट्यांची आठवण करून देतो, मग पुन्हा विचारत नाहीत.

आणि मान्यतेचा मुद्दा. मँडेटच्या चौथ्या कलमानं झायोनिस्ट संघटनेला 'ज्यू एजन्सी' म्हणून सरकारची सल्लागार संस्था केलं. ज्यूंची निवडून आलेली सभा १९२० पासून होती, १९२८ मध्ये त्यांच्या समाजाला कायदेशीर संस्था म्हणून मान्यता मिळाली आणि स्वतःचे कर बसवता आले. शाळा त्यांच्या, कामगार संघटना त्यांची, १९२५ मध्ये विद्यापीठ उघडलं तेही हिब्रू. बाल्फोर स्वतः त्या समारंभाला आले आणि अरबांनी दुकानं बंद ठेवून काळे झेंडे लावले. अरबांना तोडीस तोड असं काहीच नव्हतं का? १९२२ च्या घटनेत विधिमंडळ देऊ केलं होतं: दहा सरकारी सभासद, बारा निवडून आलेले, त्यांत आठ मुसलमान, दोन ख्रिश्चन, दोन ज्यू. सरकारी दहा आणि ज्यू दोन मिळून बारा होतात, हे अरब पुढाऱ्यांनी लगेच मोजलं. शिवाय स्थलांतरावर या मंडळाचा अधिकारच चालणार नव्हता. त्यांनी निवडणुकीवर बहिष्कार घातला आणि ती रद्द करावी लागली. मग त्यांच्यासाठी 'अरब एजन्सी' सुचवली, तीही त्यांनी नाकारली. आज मागे वळून बघताना हे बहिष्कार महागात पडले असं म्हणणारे इतिहासकार आहेत. मला त्या पुढाऱ्यांची कोंडी समजते. मंडळात बसणं म्हणजे मँडेटवर सही करणं होतं, आणि मँडेटमध्ये त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

सरकारचे ब्रेकही होते, ते झाकून ठेवणं अन्यायाचं होईल. जॉर्डनच्या पलीकडचा प्रदेश १९२२ मध्ये राष्ट्रीय घराच्या तरतुदींतून वगळला. हाज अमीन अल-हुसैनी यांना १९२१ मध्ये जेरुसलेमचे मुफ्ती, म्हणजे मुसलमानांचे मोठे धर्माधिकारी, केलं ते सॅम्युएल यांनीच. आणि आकडे बेताचेच राहिले: १९२२ च्या जनगणनेत ७ लाख ५७ हजार लोकांत ज्यू ८४ हजारांच्या आत होते. १९३१ मध्ये ते पावणेदोन लाखांच्या जवळ गेले तरी शेकडा सतराच भरले.

१९२९ च्या ऑगस्टात पुन्हा रक्त सांडलं. १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले. एकट्या हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू, त्यांतली पुष्कळ कुटुंबं तिथं पिढ्यान् पिढ्या राहणारी होती आणि झायोनिझमशी त्यांचा संबंधही नव्हता. मग जमिनीची पाहणी करायला लंडननं पाठवलं सर जॉन होप सिम्पसन यांना. हे जुने आय.सी.एस., हिंदुस्थानातल्या महसूल खात्यात तयार झालेले. त्यांचा १९३० चा अहवाल वाचताना आपल्याकडच्या सेटलमेंट अधिकाऱ्याचा आवाज ऐकू येतो: एका कुटुंबाला किती जमीन पुरते, कर्ज किती, भूमिहीन किती. शेतीची पद्धत सुधारल्याशिवाय नव्या वसाहतींना मोकळी जमीन नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर ऑक्टोबर १९३० मध्ये पासफील्ड श्वेतपत्रिका निघाली, स्थलांतर आणि खरेदी आवळणारी. लंडनमध्ये गदारोळ झाला, आणि १३ फेब्रुवारी १९३१ रोजी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी वाइझमन यांना पत्र लिहून तिची धार काढून घेतली. अरबांनी त्याला 'काळं पत्र' म्हटलं.

म्हणून यंत्र जसं १९२० मध्ये बसवलं होतं तसंच चालू राहिलं. हिटलर सत्तेवर आला तेव्हा तीच प्रमाणपत्रं, तोच हजार पौंडांचा वर्ग, तीच सहामाही यादी कामाला आली आणि १९३५ मध्ये एका वर्षात ६० हजारांवर ज्यू आले. पुढच्याच वर्षी अरबांचं बंड सुरू झालं. १९३९ च्या श्वेतपत्रिकेत सरकारनं पाच वर्षांत मिळून ७५ हजार ही मर्यादा घातली आणि १९४० मध्ये जमीनखरेदीवर विभागवार बंदी आणली. ज्या टेबलावरून दार उघडलं होतं, त्याच टेबलावरून ते बंद झालं, आणि तेव्हा युरोपातल्या ज्यूंना जायला दुसरं दार कुठं उरलं नव्हतं.